हलगी जपायची, पण कुणाच्या खांद्यावर?

जत्रांचा हंगाम आला की एक रील हमखास फिरते. धुळीचा रस्ता, पालखी, आणि पालखीपुढं हलगी वाजवत गिरकी घेणारा एक वाळका म्हातारा. खाली 'आपली माती, आपली माणसं' असं काहीतरी लिहिलेलं. कमेंटमध्ये लोक हात जोडतात आणि लिहितात, 'ही कला जपली पाहिजे.'

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. शाळेत कर्मणी प्रयोग शिकवला होता. त्यात कर्त्याचं नाव न घेताही वाक्य पूर्ण होतं. कला जपली पाहिजे. कुणी? कमेंट लिहिणारा स्वतः हलगी उचलणार नाही. त्याची मुलगी कथ्थकला जाईल, मुलगा गिटारच्या क्लासला. मग उरतो तो म्हातारा आणि त्याचा नातू. म्हणजे वाक्याचा सरळ अर्थ असा, की तुझ्या घरच्या पोरांनी हे करत राहावं, आम्हाला बघायला बरं वाटतं.

हलगी टिकावी असं मलाही वाटतं. पण ती टिकवायची असेल तर आधी तिला जन्मापासून सोडवावं लागेल. जोवर ती एकाच जातीच्या पोरांनी वाजवायची आणि बाकीच्यांनी बघायची आहे, तोवर 'कला जपा' ही जुनी वेठच आहे. फक्त बोलायची भाषा सुधारलीय.

मी हे लांबून बोलत नाही. मी बदनापूर तालुक्यातल्या मातंग घरातला. आजा हलगी वाजवायचा. वडिलांनी ती खाली ठेवली. मी इंजिनिअरिंग करून पुण्यात कोड लिहितो. त्यामुळं 'कला जपा' म्हणणारा माणूस बोट दाखवतो तेव्हा ते बोट माझ्याकडं येतं.

डफ आणि डफडं

ज्यांनी हलगी फक्त फोनवर ऐकलीय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोल कडं, त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, खांद्यावरून पट्टा. एका हातात आखूड जाड काठी, दुसऱ्या हातात लांब बारीक काठी. थंडीत किंवा पावसात कातडं सैल पडलं की पाचटाचा जाळ करून त्यावर हलगी शेकायची. जास्त शेकली तर कातडं फाटतं, कमी शेकली तर आवाज बसका येतो. आजा बोटाची टिचकी मारून ओळखायचा.

आणि हे बसून वाजवायचं वाद्य नव्हे. वाजवणारा चालतो, गुडघ्यात वाकतो, गिरकी घेतो. दोघं समोरासमोर आले की एक बोल टाकतो, दुसरा तो उचलून वर एक चढवतो, आणि हे सगळं नाचता नाचता. हलगीवाला वादक की नर्तक, असा प्रश्न आमच्याकडं कुणाला पडत नाही. तो दोन्ही असतो. पोळ्याला बैलांपुढं, कुस्तीच्या फडात, लग्नात, जत्रेत, मयतीपुढं, दवंडीला, सगळीकडं तोच. गावातला आनंद आणि दुःख दोन्ही आधी त्याच्या खांद्यावरून जायचं.

आता भाषेचा खेळ बघा. शाहिराच्या हातात असतो तो 'डफ'. पुल्लिंगी, भारदस्त. आमच्या मराठवाड्यात मांगाच्या हातात असतं ते 'डफडं'. वाद्यं थोडी वेगळी असतील, पण शब्दाला लागलेली ती शेपटी आकाराची नाही, वाजवणाऱ्याची पायरी सांगते. घराचं घरडं होत नाही, पण घोड्याचं घोडं आणि डफाचं डफडं होतं. कुणाची बदनामी करायची असेल तर आपण 'त्याच्या नावानं डफडं वाजवलं' म्हणतो. स्वतःचा मोठेपणा सांगायचा असेल तर मात्र डंका पिटतो.

गावगाड्यात वाजवणं हे मांगाचं बलुतं होतं. दोर वळणं, केरसुण्या बांधणं आणि मंगल कार्याला वाजवणं. बदल्यात खळ्यावरचं धान्य. या व्यवहारात एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे नकार. मालकानं निरोप पाठवायचा, 'सांच्याला डफडं घेऊन ये,' आणि आज्यानं म्हणायचं, 'जी मालक.' ताप असो, घरात सुतक असो. मंगल कार्य त्याच्या वाजवण्याशिवाय सुरू व्हायचं नाही, पण तो स्वतः मांडवाबाहेर. जेवण सगळ्यांचं झाल्यावर, लांब, वेगळ्या पंगतीला.

लग्नात एक खेळ असायचा, काही ठिकाणी अजून आहे. कुणीतरी नोट जमिनीवर टाकायची. हलगीवाल्यानं वाजवणं न थांबवता कमरेतून वाकत जायचं आणि ती नोट तोंडानं उचलायची. लोक शिट्ट्या मारायचे. ती कसरत अवघड आहे हे मी मान्य करतो. पण ज्या कलाकाराबद्दल आदर असतो, त्याचं मानधन आपण धुळीत टाकत नाही. भीमसेन जोशींना कुणी असं पाकीट दिलं असतं का?

खाली ठेवण्याचाही इतिहास आहे

वडिलांनी हलगी खाली ठेवली ती आळसानं नाही, आणि डीजे आला म्हणूनही नाही. त्यांना आपल्या पोरांनी नोट तोंडानं उचललेली बघायची नव्हती. 'परंपरा लोप पावत आहे' या मथळ्याखाली येणाऱ्या लेखांत हे कारण कधी नसतं. तिथं मोबाईल असतो, पाश्चात्त्य संगीत असतं, नव्या पिढीची अनास्था असते. माणसानं विचार करून, ठरवून सोडलं, ही शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही.

खरं तर महाराष्ट्रातल्या दलितांचा इतिहास हा मोठ्या प्रमाणावर 'सोडण्याचा' इतिहास आहे. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीनं 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तेव्हापासून ही माणसं गावानं नेमून दिलेल्या जागेला प्रश्न विचारतायत. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाच्या जोखडाविरुद्ध मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. गावकीची ही कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. ज्यांनी ही कामं सोडली त्यांना गावांनी बहिष्कार घालून किंमत मोजायला लावली. मेलेलं जनावर ओढण्याची 'परंपरा' लोप पावली म्हणून आज कुणी हळहळत नाही. मग हलगीच्या वेळीच हळहळ का? कारण हलगी कानाला गोड लागते. पण वाजवणाऱ्यासाठी ही दोन्ही कामं एकाच यादीत होती.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. एखादी ओपन सोर्स लायब्ररी असते, जगातल्या मोठमोठ्या कंपन्या तिच्यावर चालतात आणि ती सांभाळणारा असतो एकटाच, बहुतेक वेळा फुकट. तो थकला की लोक त्यालाच बोलतात. पण तो निदान एका रात्री लिहून टाकू शकतो, 'आजपासून मी हे काम थांबवतोय.' आज्याला असं लिहिण्याची सोय नव्हती. त्याला सांभाळायला दिलेली गोष्ट त्यानं निवडलेली नव्हती आणि सोडण्याचं बटण दुसऱ्याच्या हातात होतं.

ड्रम सर्कल

दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात 'टीम बिल्डिंग'साठी जेंबे आणले होते. पश्चिम आफ्रिकेचं ते वाद्य, एकाच लाकडातून कोरलेलं, पेल्याच्या आकाराचं, वर बकऱ्याचं कातडं. चाळीस इंजिनिअर गोल करून बसलो. शिकवणाऱ्यानं आधी सांगितलं की हा ताल कुठला, तो कुणाकडून शिकला, त्याच्या गुरूचे गुरू कोण. दोन तासांच्या त्या वर्गाची फी चांगली होती, आणि ती योग्यच होती. शेजारच्या सहकाऱ्यानं कातड्यावर हात फिरवत विचारलं, 'तुमच्या गावाकडं असलं काही असतं का रे?'

असतं. कातडंही तेच, बकऱ्याचं. फरक एवढाच की गिनीतून आलेल्या कातड्याला हात लावताना कुणाचा काही विटाळ होत नाही.

जेंबे इथवर आला तो आपोआप नाही. फोदेबा केइता या गिनीच्या माणसानं १९५२ मध्ये पॅरिसमध्ये 'बॅले आफ्रिकें' हा संच उभा केला. १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाला आणि तो संच देशाचा राष्ट्रीय संच बनला. गावोगावचे वादक-नर्तक निवडून त्यांना घडवण्यात आलं. मामादी केइता १९५० मध्ये जन्मला, १९६४ मध्ये, पोरवयातच, राष्ट्रीय संचात आला आणि १९९१ मध्ये त्यानं ब्रुसेल्सला 'ताम ताम मांदिंग' ही शाळा काढली. पुढं तिच्या शाखा अनेक देशांत निघाल्या. २०२१ मध्ये तो वारला तेव्हा जगभरच्या शिष्यांनी त्याच्यासाठी वाजवलं. त्यानं शिकवलेल्या प्रत्येक तालाला नाव आहे. 'कासा' शेतात राबणाऱ्यांसाठी, 'सोली' मुलं वयात येतानाच्या विधीसाठी, 'डुनुनबा' ताकदवान पुरुषांच्या नाचासाठी. नाव आहे म्हणून तो शिकवता येतो, आणि कुणाकडून शिकलो ते सांगताही येतं.

तिकडं सगळं छान होतं असं मुळीच नाही. पश्चिम आफ्रिकेतही जन्मानं ठरलेले गायक-वादक आहेत, त्यांना ग्रिओ म्हणतात. राजाची वंशावळ त्यांच्या तोंडी, आणि तरी लग्नसंबंधाला ते चालत नाहीत. सेनेगलच्या काही भागांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रिओचं प्रेत जमिनीत पुरत नसत. जमीन नापीक होईल म्हणून ते गोरखचिंचेच्या पोकळ खोडात ठेवत. हे वाचल्यावर मला आमच्या गावची वेगळी स्मशानभूमी आठवली. मालीचा थोर गायक सलिफ केइता जन्मला तो राजवंशाच्या आडनावात. त्यानं गाणं धरलं तेव्हा घरच्यांनाच ते खपलं नाही, कारण गाणं हे ग्रिओचं काम. आणि ज्या गिनी सरकारनं बॅले जगभर मिरवला, त्याच सरकारच्या तुरुंगात १९६९ मध्ये फोदेबा केइता मारला गेला.

तरीही एक गोष्ट घडली. जेंबेचं लोहारांशी नातं जुनं, पण तो एकाच जातीत कोंडलेला नव्हता. ज्याला येतो तो वाजवी. डाकारचा दूदू न्दियाय रोझ जन्मानं ग्रिओ. त्यानं साबार हा ढोल राष्ट्रीय मंचावर नेला आणि बायकांनी वाजवायचं नाही हा नियम मोडून स्वतःच्या लेकी-सुनांचा वादक संच उभा केला. २००६ मध्ये युनेस्कोनं त्याला 'जिवंत मानवी ठेवा' म्हणून गौरवलं. जिथं जिथं दार उघडलं, तिथं तिथं वाद्य वाढलं आणि वाजवणारा 'उस्ताद' झाला. आमच्याकडं दार बंदच राहिलं आणि बाहेर उभे राहून लोक विचारतायत, आतला आवाज कमी का होतोय?

पदक आणि बिल

'पण सरकार सन्मान करतं की,' असं कुणी म्हणेल. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर आठवा. तमाशाच्या सम्राज्ञी म्हणतात त्यांना. नाव नीट वाचा, त्यात जातही आहे, बाईनं ती कधी लपवली नाही. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपती पदकं. १९६२ च्या युद्धाच्या काळात त्यांनी सीमेवर जवानांसमोर कार्यक्रम केले. दिवस भरलेले असताना नाचता नाचता आत जाऊन बाळंत होऊन पुन्हा फडात उभी राहिलेली बाई, अशी त्यांची कथा महाराष्ट्र अजून कौतुकानं सांगतो. मला ती कथा ऐकून अभिमानापेक्षा आधी राग येतो. त्या रात्री खेळ थांबवायला कुणी पुढं का आलं नाही? २००२ मध्ये त्या गेल्या, हलाखीत, उपचारांसाठी लोकांच्या मदतीवर अवलंबून. नंतर २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं.

आज वृद्ध कलावंतांना राज्य सरकार दरमहा ५,००० रुपये मानधन देतं. वयाची ५० वर्षं पूर्ण हवीत आणि कलेचे पुरावे हवेत. आता माझ्या आज्यानं काय जोडलं असतं? मयतीपुढं वाजवल्याचं प्रमाणपत्र कोण देतं? पोळ्याची कात्रणं कुठून आणायची? ज्यानं आयुष्यभर गावासाठी वाजवलं, त्याला म्हातारपणी आपण वाजवत होतो हे त्याच गावाकडून लिहून आणावं लागतं.

'जात मध्ये कशाला आणता?'

हा प्रश्न येणारच. ती मध्ये मी आणलेली नाही. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांकडं बघा. डॉक्टर, इंजिनिअर, कॉलेजच्या मुली, पांढरे कुर्ते, फेटे, दोन-दोन महिने नदीकाठी सराव. कुणी त्यांना 'आज वाजवायला ये' असं एकेरीत हाकारत नाही. मला ती पथकं आवडतात. ढोल सगळ्यांच्या हातात गेला आणि त्याची प्रतिष्ठा वाढली, याचा हा आपल्याच घरचा पुरावा आहे. पण त्या पथकांतही हलगी क्वचित दिसते. का, त्याचं उत्तर तुम्हीच द्या.

दुसरा आक्षेप आमच्याच माणसांकडून येतो. 'ती गुलामीची खूण आहे, जाळून टाका.' हा राग मला कळतो, माझ्या घरात तो आहे. पण १ ऑगस्टला, अण्णा भाऊ साठेंच्या जयंतीला, आमची पोरं स्वतःहून हलगी काढतात. त्या दिवशी कुणी निरोप पाठवलेला नसतो, कुणी नोट टाकत नाही. तेच कातडं, तेच बोल, पण पोरांची मान ताठ. 'फँड्री'तला जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे खऱ्या आयुष्यातही हलगी वाजवणारा पोरगा. तमिळनाडूत 'परई' हे आपल्या हलगीचंच भावंडं. त्या ढोलावरून आलेलं एका जातीचं नाव इंग्रजीत जाऊन 'बहिष्कृत' या अर्थाचा शब्द झाला. तिथल्या दलित तरुणांनी मयतीला सक्तीनं वाजवणं नाकारलं आणि तेच वाद्य मोर्चात, मंचावर, वर्गात आणलं. २०२५ मध्ये परई वादक वेलू आसान यांना पद्मश्री मिळाली. नकाराचा हक्क मिळाला की माणूस वाद्याकडं परत येऊ शकतो. आधी नकार, मग कला. हा क्रम उलटा करता येत नाही.

तुरीला नंबर आहे

बदनापूर तुम्ही ऐकलं असेल तर दोन कारणांनी. एक, जालना-संभाजीनगर रस्त्यावर लागतं म्हणून. दुसरं, तुरीमुळं. इथल्या कृषी संशोधन केंद्रानं तुरीचे वाण काढले. बीडीएन ७११, पांढऱ्या दाण्याची, लवकर येणारी. बीडीएन ७१६, लाल. बदनापूरचं नाव त्या तीन अक्षरांत बसून दूरदूरच्या शेतांत गेलं. वाणाला नाव आहे, नंबर आहे, तो कुणी आणि कसा काढला याची नोंद आहे. कुठल्याही जातीचा शेतकरी तो पेरू शकतो. तूर वाचवायची होती, म्हणून आपण हे सगळं केलं. 'तुरीची परंपरा जपा' असं एका घराला सांगून मोकळे झालो नाही.

त्याच तालुक्यात आज्याच्या हातात किती बोल होते, कुणी मोजले नाहीत. पोळ्याचा वेगळा, मयतीचा वेगळा, कुस्ती रंगात आल्यावरचा वेगळा. त्यातला एकही कुठं लिहिलेला नाही. तो गेला, ते गेले.

म्हणून मागण्या साध्या आहेत. बोल नोंदवा, गावाच्या आणि वाजवणाऱ्याच्या नावासकट. शाळेच्या संगीताच्या तासाला पेटी-तबल्याशेजारी हलगी ठेवा आणि शिकवायला येणाऱ्याला 'सर' म्हणा, पगार द्या. चित्रपटात हलगी वाजली तर श्रेयनामावलीत वाजवणाऱ्याचं नाव टाका. लग्नात बोलावलंत तर पैसे आधी ठरवा, हातात द्या आणि त्याला मांडवात सगळ्यांबरोबर जेवायला बसवा. आणि तो 'आज जमणार नाही' म्हणाला तर त्याचं दळण, पाणी, मजुरी बंद करू नका.

रील टाकणाऱ्या मित्रांनो, तुमच्यासाठी एक वेगळी मागणी आहे. पुढच्या वेळी तो म्हातारा दिसला की कॅमेरा काढण्याआधी त्याचं नाव विचारा आणि ते रीलवर लिहा. मग त्याला विचारा, 'मला शिकवाल का? फी किती घ्याल?' शिकायला लागल्यावर हात सुजतील, काठी निसटेल, लोक तुमच्याकडं बघून हसतील, कदाचित घरचेही विचारतील की हे काय नवीन खूळ. ते सगळं सोसून वर्षभर शिकलात, तर मग खुशाल लिहा की ही कला जपली पाहिजे. तेव्हा त्या वाक्याला कर्ता मिळालेला असेल.